एकोणीस सोडवले, सहा बरोबर आले

फेब्रुवारीचा तिसरा आठवडा होता. बारावीची बोर्डाची परीक्षा चालू होती आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीच्या दिवशी एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत मी समुपदेशक आहे. जेईई मेन या इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेच्या जानेवारी सत्राचा निकाल लागला की अशा मायलेकी दरवर्षी येतात, आणि प्रश्नही बहुतेक तोच असतो.

"उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं टीचर. गणितात शंभरात अकरा," आई म्हणाली. "एप्रिलला परत बसणार आहे. एवढ्या दिवसांत गणित सुधारतं का? खरं काय ते सांगा."

मुलगी खाली बघून म्हणाली, "माझं डोकंच नाही गणिताचं."

घरची परिस्थिती आईने न विचारता सांगितली. वडिलांचा ट्रक खाणीवर चालायचा. २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा तो विकावा लागला. आता कोणीतरी एका महागड्या क्रॅश कोर्सचं नाव सुचवलं होतं आणि त्यासाठी सोनं गहाण ठेवायची तयारी चालली होती. मी म्हटलं, ते आज राहू दे. आधी जानेवारीचा पेपर दाखव.

परीक्षेनंतर प्रत्येकाला स्वतःची उत्तरपत्रिका ऑनलाइन उतरवून घेता येते. बहुतेक मुलं त्यातून गुणांची बेरीज काढतात आणि फाइल बंद करतात. मला वाटतं, त्या कागदाइतका चांगला शिक्षक त्या महिन्यात दुसरा मिळत नाही. गणिताचे प्रश्न २५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. हिने १९ सोडवले होते, त्यांतले ६ बरोबर आणि १३ चूक. चोवीसातून तेरा गेले, उरले अकरा.

त्या तेरा चुकांपुढे मी तिला तीनपैकी एक अक्षर लिहायला सांगितलं. अंदाजाने मारलं असेल तर 'अं', येत असून घसरलं असेल तर 'घ', येतच नसेल तर 'ना'. तासाभराने 'अं' पाच निघाले, 'घ' चार आणि 'ना' चारच. डोकं नसल्याचा पुरावा म्हणून तिने आणलेल्या कागदावर न येणारे प्रश्न फक्त चार होते. हे तिला स्वतःच्या हाताने लिहून दिसलं म्हणून पटलं. मी नुसतं सांगितलं असतं तर ती मान हलवून घरी गेली असती.

'घ' वाल्या चारांवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. दोन डिटरमिनंटचे होते. विस्तार करताना मधल्या पदाचं वजा चिन्ह दोन्हीकडे सुटलं होतं, कारण ती पायरी तिने मनातच केली होती. तिसऱ्यात साधा गुणाकार चुकला होता. या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि हिला घरी त्याचीच सवय. चौथा संभाव्यतेचा. 'ऍट लीस्ट वन' म्हणजे तिने 'एकच' धरलं होतं. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि मग एकदम इंग्रजी, ही आमच्याकडच्या कितीतरी मुलांची वाट. त्यांच्या बऱ्याच चुका गणिताच्या नसतात, वाचण्याच्या असतात. मी तिला म्हटलं, प्रश्न मनात मराठीतून एकदा सांगायचा: निदान एक, म्हणजे एक किंवा जास्त. आईला वाटलं, मग पेपरच मराठीतून द्यावा का? तशी सोय आहे, पण दोन वर्षं संज्ञा इंग्रजीतून शिकलेल्या मुलीने शेवटच्या महिन्यात माध्यम बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अंदाजांचं प्रकरण जरा वेगळं होतं. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून मारलं तरी सरासरीने तोटा होत नाही. पण तिचे तीन अंदाज पर्याय नसलेल्या, संख्या भरायच्या प्रश्नांत होते आणि तिथे नशिबाला जवळजवळ जागाच नसते. शिवाय त्या पाचांवर प्रत्येकी पाच-सहा मिनिटं झगडून मग तिने उत्तर मारलं होतं. त्यामुळे सहा प्रश्न तिने वाचलेच नाहीत, आणि त्यांतले दोन तिने माझ्यासमोर सहज सोडवले. त्यांतला एक तर नुसता व्हेरिअन्सचा होता, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत ते काढायचा.

बोर्ड संपल्यापासून जेमतेम महिना हातात होता. नवीन धडे उघडायचे नाहीत, हे मी ठामपणे सांगितलं. बोर्डासाठी जे ताजं होतं तेच पक्कं करायचं: मॅट्रिक्स-डिटरमिनंट, व्हेक्टर, त्रिमितीय भूमितीतल्या रेषा, संभाव्यता, सोपी निश्चित समाकलनं. अकरावीतलं फक्त श्रेढी आणि सांख्यिकी. मावसभावाच्या जुन्या पुस्तकातून ती प्रतलांची, म्हणजे प्लेनची समीकरणं करत बसली होती. २०२४ पासून ती जेईई मेनच्या अभ्यासक्रमात नाहीत, तेव्हा तेवढं ओझं तिथेच उतरलं.

रोज सकाळी २५ प्रश्न, एक तास, घड्याळ लावून. पहिल्या फेरीत पूर्ण पेपर वाचायचा आणि हमखास येणारे सोडवायचे. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर पुढे जायचं. कच्च्या कामाचा कागद दुमडून दोन रकाने, प्रश्नाचा क्रमांक वर, एका ओळीत एकच पायरी. संध्याकाळी चुकांपुढे तीच तीन अक्षरं. दुसऱ्या आठवड्यात ती रडत आली, कारण गुण उलटे घसरले होते. वेग कमी झाला होता. मी वही उघडून मोजलं तर 'घ' चारावरून एकावर आले होते. म्हटलं, बाय, वेग मागून येईल, हे आधी टिकव.

मात्र हा उपाय सगळ्यांना लागू पडत नाही. ज्याला अपूर्णांक आणि साधी समीकरणंच अडतात त्याला मी एका महिन्याचं आश्वासन देत नाही. त्याच्याशी वर्षभराचं बोलावं लागतं, आणि ते त्याच्या आईवडिलांसमोरच बोलावं लागतं.

एप्रिलला तिने १७ सोडवले, १२ बरोबर, ५ चूक. त्रेचाळीस गुण. दोन सत्रांतला चांगला स्कोर धरतात, त्यामुळे जानेवारीचे अकरा मागे पडले. तिच्या मनात कुंकळ्ळीची एनआयटी, म्हणजे केंद्र सरकारचं इंजिनीअरिंग कॉलेज होतं, ते एकूण गुणांत मिळालं नाही. दुसऱ्या एका कॉलेजात तिला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. सोनं घरातच राहिलं. निकालानंतर ती उत्तरपत्रिका घेऊन आली तेव्हा पाचही चुकांपुढे अक्षरं आधीच लिहिलेली होती. त्यांतले दोन 'घ' होते, आणि चिन्ह नेमकं कुठे सुटलं तिथे तिने पेन्सिलीने गोल केला होता.