रोल लॅमिनेशन मशीनमध्ये नवीन फिल्म कशी भरायची? जुनी पूर्ण संपलीये आणि गमची बाजू कुठली तेच कळत नाहीये

तुम्ही लिहिलंय की पुण्यात वारज्याला झेरॉक्सचं दुकान आहे, वर-खाली दोन रोलवालं सेकंडहँड मशीन घेतलंय, मॅन्युअल मिळालेलं नाही आणि जुनी फिल्म शेवटपर्यंत निघून गेलीये. मी नारायण पेठेत प्रिंटिंगच्याच कामात आहे, आमच्याकडे पुस्तकांची कव्हरं नि नकाशे दिवसभर लॅमिनेट होत असतात, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

पहिलं म्हणजे मशीन बंद करून प्लग काढा आणि रोलर पूर्ण गार होऊ द्या. गरम रोलरवर नवीन फिल्म ओवायला गेलात तर फिल्म आक्रसते, गम लागतो तो लागतोच आणि हात भाजतो तो वेगळा.

आता गमची बाजू. थर्मल फिल्म म्हणजे बीओपीपी किंवा पॉलिस्टरचं प्लास्टिक आणि त्याच्या एका बाजूला ईव्हीएचा गम, जो गरम झाला की वितळून कागदाला धरतो. ग्लॉस फिल्ममध्ये ओळखणं सोपं आहे, चकचकीत ती प्लास्टिकची आणि जरा धुरकट दिसते ती गमची. मॅटमध्ये मात्र दोन्ही बाजू मंदच दिसतात आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. त्यासाठी रोलची जी बाजू बाहेर दिसते तिच्यावर पेनने एक फुली मारा, फुलीसकट बोटभर तुकडा कापा, साध्या कागदाच्या घडीत ठेवा आणि वरून कपड्याची इस्त्री मध्यम गरम करून फिरवा. गार झालं की घडी उघडा. तुकडा ज्या बाजूने कागदाला चिकटलाय ती गमची. फुली कागदाखाली दबली असेल तर रोल गम बाहेर ठेवून गुंडाळलाय, फुली वर मोकळी दिसत असेल तर गम आत आहे. दोन्ही प्रकारचे रोल मिळतात, त्यामुळे मागच्या वेळी असं होतं म्हणून आत्ताही तसंच असेल असं धरू नका, आणि वरचा-खालचा दोन्ही रोल वेगवेगळे तपासा.

हे एकदा कळलं की बाकी सगळं त्यावरूनच ठरतं: प्लास्टिकची बाजू गरम रोलरला टेकणार, गम रोलरला कधीच नाही. मध्ये कागद जातो तिथे वरच्या फिल्मचा गम खाली तोंड करून आणि खालच्याचा वर तोंड करून असला पाहिजे. मशीनच्या बाजूच्या पत्र्यावर फिल्मचा मार्ग दाखवणारं स्टिकर बऱ्याचदा असतं, धूळ पुसून बघा, गम आत आणि गम बाहेर याप्रमाणे मार्ग बदलतो.

रोल शाफ्टवर चढवताना कोअर, म्हणजे फिल्म जिच्यावर गुंडाळलेली असते ती आतली नळी, बघा, 1 इंची आणि 3 इंची दोन्ही येतात, विकत घेण्याआधीच आतलं भोक मोजलेलं बरं. कोअर शाफ्टवर घट्ट बसला पाहिजे, नुसता गरगर फिरला तर फिल्मला ताण देणाऱ्या ब्रेकचा काही उपयोग होत नाही. आणि दोन्ही रोलच्या कडा एका रेषेत आणा, अगदी पट्टी लावून. एक फिल्म बाहेर डोकावत असेल तर तेवढ्या पट्टीतला उघडा गम समोरच्या रोलरवर बसत जातो, आणि रोलर खराब होण्याचं हे फार मोठं कारण आहे.

मग खालची फिल्म आधी ओवा, आयडलर बारवरून (फिल्मला वाट देणारा मधला दांडा) घेऊन खालच्या रोलरच्या तोंडाशी आणा. वरची तशीच वरून खाली सोडा, खालचीवर थोडी चढेल इतकी. गार असताना दोन्ही एकमेकींना चिकटत नाहीत, म्हणून सेलोटेप लावा. आता 300 जीएसएमच्या आसपासचा जाड आर्टकार्ड, फिल्मइतक्या रुंदीचा, दोन्ही फिल्मना सपाट धरून रोलरच्या फटीत ढकला, प्लग लावा, हीट बंदच ठेवून सगळ्यात कमी स्पीडवर मशीन चालवा. कार्ड दोन्ही फिल्म ओढत मागून बाहेर येतं. ओढणी, बांगड्या, मोकळे केस यांची काळजी घ्या आणि स्टॉपचं बटण कुठे आहे ते आधी बघून ठेवा.

त्यानंतर हीट लावा. पातळ बीओपीपीला साधारण 100 ते 115 डिग्री पुरते, 125 मायक्रॉनसारख्या जाड फिल्मला स्पीड कमी लागतो. खोक्यावर लिहिलेलं असतं, तेच धरून चला.

टेन्शनला, म्हणजे फिल्मच्या ताणाला, मात्र वेळ द्या, खरी कसरत तिथे आहे. ब्रेकचा नॉब सैल ठेवून सुरू करा आणि फिल्मवरच्या सुरकुत्या जाईपर्यंत थोडा थोडा आवळत जा, त्यापुढे नाही. मग रद्दी कागद घालून काय बाहेर येतं ते बघा. शीट वर वळत असेल तर वरच्या रोलला ओढ जास्त आहे, वरचा नॉब सैल करा. खाली वळत असेल तर खालचा. दोन्ही नॉब एकदम फिरवले तर कशाने फरक पडला ते कळतच नाही. सुरकुत्या जाऊन बबल राहत असतील तर बऱ्याचदा कागदातला दमटपणा असतो, पावसाळ्यात आपल्याकडे हे हमखास होतं, कागद उघडा ठेवू नका.

तुमच्या रोलरला आत्ताच चिकटलेला गम आहे म्हणताय तो ब्लेडने अजिबात खरवडू नका. रोलरवरच्या सिलिकॉन रबराला ओरखडा गेला की प्रत्येक जॉबवर तिथे रेघ येते आणि मग रोलरच बदलावा लागतो. मशीन बंद करून रोलर कोमट असताना सुती फडक्याने चोळा, राहिलेला गम रोलर गार झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (हे पेट घेणारं आहे, गरम मशीनजवळ बाटली नको). तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, तिथे मिळतं.

आणि पुढच्या वेळी फिल्म शेवटपर्यंत जाऊ देऊ नका. कोअर दिसायला लागला की मशीन गार करून जुनी फिल्म रोलजवळ कापा, नवीनचं टोक गमची बाजू तीच ठेवून पूर्ण रुंदीत सेलोटेपने जोडा आणि कमी स्पीडने जोड मागून बाहेर येईपर्यंत ओढून घ्या, पुन्हा ओवत बसावं लागत नाही. वरचा आणि खालचा रोल मात्र एकाच वेळी बदला, नाहीतर एक भरलेला आणि एक संपत आलेला असला की टेन्शन जुळवता जुळवता बरीच फिल्म वाया जाते.