महायुद्धातला डॉज ट्रक घेऊन घरी दुरुस्त करायचा छंद झेपेल का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याजवळच्या एका खडी क्रशरच्या आवारात दुसऱ्या महायुद्धातला डॉज उभा आहे, इंजिन जाम आहे, मालक द्यायला तयार आहे. तो घ्यावा का, त्यात डिझेल इंजिन बसवावं का, आणि त्याला आर्मीचा हिरवा रंग देता येईल का?

चासी आणि कागद धड असतील तर जरूर घ्या. डिझेल बसवू नका. हिरवा रंग देता येत नाही, त्यामागचा नियम पुढे सांगतो.

मी आणि माझे दोन मित्र पुण्याजवळ एका शेडमध्ये याच जातीचा ट्रक सांभाळतो, डब्ल्यूसी-५१. फोटोवरून तुमचाही तोच किंवा पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायला दोर गुंडाळणारा ड्रम) असलेला डब्ल्यूसी-५२ असावा. पुढचा बंपर लांब बाहेर आलेला असेल आणि मधे ड्रम बसवायची जागा दिसली तर तो ५२. मिशिगनमधल्या डॉजच्या कारखान्यात १९४२ ते १९४५ या काळात ही पाऊण टनी, चारही चाकांना ताकद देणारी मालिका बनली. अमेरिकी फौजेबरोबर त्यातल्या बऱ्याच गाड्या आसामात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आल्या. आसामातल्या लेडोहून निघालेला पहिला ताफा १९४५ च्या फेब्रुवारीत चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला, त्या रस्त्यावर असेच ट्रक धावत होते. युद्ध संपल्यावर इथलं अमेरिकी सामान लिलावात विकलं गेलं आणि डॉज, जीएमसी, जीप गावोगाव पोहोचल्या. कुठे लाकडाची वखार, कुठे खाण, कुठे बोअर मारायचं यंत्र. तुमचा क्रशरवर पोहोचला त्यात नवल नाही.

नवशिक्यासाठी आपल्या लष्कराच्या जुन्या शक्तिमान ट्रकपेक्षा हा ट्रक मला जास्त योग्य वाटतो. लांबी साधारण १४ फूट, रुंदी ७ फुटांच्या आत, वजन अडीच टनांच्या आसपास. म्हणजे घरच्या शेडमध्ये मावतो आणि चेन पुलीने इंजिन उचलता येतं. शिवाय चिखलात, पावसात, दोन पाने आणि एक जॅक घेऊन एखाद्या शिपायाला तो दुरुस्त करता यावा, याच हिशेबाने तो बनवलाय. त्याचं लष्करी मॅन्युअल टीएम ९-८०८ आणि सुट्या भागांची यादी एसएनएल जी-५०२ ही दोन्ही अमेरिकी सरकारची प्रकाशनं, इंटरनेटवर फुकट मिळतात. छापून घ्या, बाइंडिंग करा, शेडमध्ये ठेवा. कोणत्या नटाला किती ताकद लावायची इथपासून सगळं त्यात आहे. कोणाही मिस्त्रीच्या अंदाजाआधी ते पान उघडायचं.

आता कागद. पानाही उचलण्याआधी आरसी बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळतो का बघा. इंजिनाच्या ब्लॉकवर टी-२१४ ने सुरू होणारा क्रमांक ठोकलेला असेल तर मूळ इंजिन शाबूत आहे समजा, आणि तसं असेल तर मालकाने थोडे जास्त मागितले तरी द्या. १५ जुलै २०२१ ला केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळा नियम केला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात असेल आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसतील, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. ही गाडी रोज फिरवायला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल-दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. तुमच्या ट्रकची जुनी नोंद मालवाहू म्हणून असेल तर तो यात बसतो का, हे पैसे देण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या. हे उत्तर हातात आल्याशिवाय व्यवहार करू नका.

डिझेल नको म्हणतो त्याचं पहिलं कारण हाच मूळ रूपाचा नियम. मॅटाडोरचं इंजिन घातलेले डॉज मी पाहिलेत. पेट्रोल वाचतं हे खरं, पण ते बसवायला चासीवरचे मूळ ब्रॅकेट कापावे लागतात, बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या आवरणाला) जोडपट्टी लागते, आणि एकदा कापलेलं परत येत नाही. मूळ इंजिन भंगारात जातं आणि त्याबरोबर गाडी व्हिंटेज ठरण्याची शक्यताही जाते. लिटरला चार किलोमीटर मिळाले तरी चांगले म्हणायचे, हे मान्य. पण तुम्ही वर्षातून किती किलोमीटर चालवणार आहात? या खर्चासाठी त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचा जीव घेऊ नका.

आणि ते इंजिन फार गुणी आहे. साइड वॉल्व्ह (वॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, ब्लॉकच्या बाजूला), ३.८ लिटरच्या जवळ, ९२ अश्वशक्ती. जाम इंजिनाला घाबरू नका, पण सेल्फ मारून किंवा दुसऱ्या गाडीने ओढून ते फिरवायचा प्रयत्न कधीही करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल (एटीएफ) आणि अ‍ॅसिटोन यांचं मिश्रण घाला, मुरू द्या, परत घाला. मग हँडलने हलक्या हाताने मागे-पुढे डोलवा. बहुतेक वेळा अडकलेले असतात ते वॉल्व्ह. बाजूची झाकणं उघडली की दिसतात, आणि तेल सोडून, वर-खाली करून सुटतात.

हेड (इंजिनाच्या ब्लॉकवरचं झाकण) उघडायची वेळ आली तर गास्केट मागवण्याआधी हेडची लांबी टेपने मोजा. क्रायस्लर कंपनीने ही इंजिनं दोन मापांत बनवली, सुमारे २३ इंच आणि २५ इंच लांब हेडची. टी-२१४ हे २३ इंचाचं. आपल्याकडे हा गोंधळ नेहमी होतो, कारण वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्याच डॉज, फार्गो, प्लिमथ गाड्या जोडल्या, आणि बाजारात ‘डॉजचं सामान’ म्हणून दोन्ही मापांचं मिळतं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाना पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर अजून काही सापडतं. जाताना नमुना हातात घेऊन जा. नुसतं नाव सांगून सामान आणायचं नाही.

याच इंजिनाची एक गोष्ट बऱ्याच गॅरेजवाल्यांना ठाऊक नसते. वॉटर पंपामागे, ब्लॉकच्या आत एक लांब पत्र्याची नळी असते. ती थंड पाणी शेवटच्या सिलिंडरपर्यंत पोहोचवते. वर्षानुवर्षं साधं पाणी वापरलं की ती गंजून चाळणी होते. मग रेडिएटर नवा टाका, थर्मोस्टॅट बदला, मागचे दोन सिलिंडर तापतच राहतात. रेडिएटर आणि पंप काढल्यावर पुढून ती ओढून काढता येते. येत नसेल तर धीर धरा, तिला आकडा घालून इंच इंच सोडवा. जागी पितळेची किंवा स्टेनलेसची बसवा आणि पुढे कूलंटच वापरा.

इतकं सांगितलं तरी इंजिनाला हात शेवटी लावा. आधी ब्रेक. इंजिन सुरू झालं की माणसाला राहवत नाही, गाडी शेडबाहेर काढाविशी वाटते, आणि या गाडीला ब्रेकचा एकच मास्टर सिलिंडर आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेकही चाकांवर नाही, मागच्या शाफ्टवर आहे. म्हणून नळ्या सगळ्या नव्या, व्हील सिलिंडर लेथवर नेऊन आतून स्लीव्ह मारून घ्यायचे, रबरं नवी. जुन्या लायनरची धूळ हवा मारून उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क बांधा.

चाकांबद्दल मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगतो. या ट्रकची रिम दोन भागांची असते, मुख्य रिम आणि बाहेरची कडी, आणि ते दोन भाग नटांनी एकत्र धरलेले. चाक गाडीला धरणारे नट वेगळे, रिम धरणारे वेगळे. टायरमध्ये हवा असताना रिमचे नट सैल केले तर ती कडी तोफेसारखी उडते आणि माणूस मरतो. आधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मग चाकाला हात लावायचा. पंक्चरवाल्याकडे चाक एकटं पाठवू नका, सोबत जा आणि त्याला हे दाखवा. आणखी एक: डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. ‘सुटत नाही’ म्हणून पान्याला पाइप लावणारे लोक स्टड तोडून ठेवतात. टायरचं ९.००-१६ हे माप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी मिळतं, पण त्यावर लिहिलेली वेगमर्यादा वाचून घ्या.

वायरिंगचं फार अवघड नाही. बहुतेक ५१ आणि ५२ सहा व्होल्टवर चालतात. तिथे बॅटरीपासून सेल्फपर्यंत जाड केबल लागते. आजच्या कारची बारीक केबल टाकली की सेल्फ कण्हतो आणि लोक म्हणतात सहा व्होल्टच वाईट. गाडी डाव्या स्टिअरिंगची आहे, त्यामुळे कायद्याने चालू स्थितीतले इंडिकेटर हवेत. मुळात ते नव्हते. कंसावर असे लावा की भोक न पाडता काढता येतील.

पेट्रोलची टाकी आतून साफ करून घ्या. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनी रबरं फुगतात आणि इंधन पंपाचा पडदा सडतो. इथेनॉल सोसणारा पडदा आणि नळ्या मागवा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामं करून ठेवा.

आता रंग. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना. वर बाण असलेली लष्करी नंबरप्लेट किंवा कोणत्या डिव्हिजनचं चिन्हही लावायचं नाही. मला हा नियम पटतो. वर्दीचा मान राखायचा तर तिची नक्कल रस्त्यावर फिरवू नये. आम्ही वाळूसारखा मॅट रंग दिला आणि गाडी त्यात देखणी दिसते.

पण नवा रंग देण्याआधी जुना वाचा. माझं या छंदावरचं प्रेम इथेच आहे आणि तुमच्याकडून एवढं एकच मागणं आहे: सँडब्लास्टवाल्याकडे अख्खी बॉडी पाठवू नका. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून बॉनेटच्या दोन्ही बाजू, दारांच्या जागा आणि फाळका हलक्या हाताने घासा. एकेक थर खाली उतरतो. आमच्या ट्रकवर वरचा निळा, त्याखाली केशरी, मग हिरवा, आणि बॉनेटच्या बाजूला २ ने सुरू होणारा पांढऱ्या आकड्यांचा अमेरिकी नोंदणी क्रमांक अर्धवट वर आला. हलक्या ट्रकांचे क्रमांक २ पासूनच सुरू होत. त्या आकड्यांचं माप घेतलं, फोटो काढले, ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतले. ब्लास्टिंगने ते एका मिनिटात गेले असते. या गाडीचं चरित्र कोणी लिहून ठेवलेलं नाही, ते या थरांमध्येच आहे. तीच गोष्ट पत्र्याची. सडलेला तुकडा तेवढाच कापून नवा जोडा, अख्खा मडगार्ड फेकू नका. लांबी (पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरून गुळगुळीत करायचा मोहही टाळा. या गाड्या कारखान्यातून निघाल्या तेव्हाही वेल्डिंगच्या रेघा दिसतच होत्या. डॅशबोर्डवरच्या पाट्या पॉलिश करू नका, त्यावरची अक्षरं उडतात.

खर्चाचा आकडा देत नाही, कारण तो चासीच्या स्थितीवर ठरतो. इतकं धरून चला की खरेदीची रक्कम हा लहान भाग असतो. टायर, ब्रेक आणि लेथकाम यांतच मोठे पैसे जातात. खर्च मित्रांत वाटून घेतला तर छंद सुखाचा होतो, आणि उचलायला हात मिळतात हा वेगळाच फायदा.

क्रशरवर जाल तेव्हा टॉर्च, तारेचा ब्रश आणि चुंबक न्या. चासीच्या दोन्ही रेल मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कंसापाशी ब्रशने घासून बघा, भेग असेल तर तिथे असते. लांबीखाली पत्रा आहे की नाही ते चुंबक सांगेल. आणि भाव ठरवण्याआधी मालकाला त्याचं गोदाम दाखवायला सांगा. अशा ठिकाणी काढलेलं सामान कोणी टाकत नाही. मूळ कार्ब्युरेटर, विंचचा ड्रम, काचेची फ्रेम, रिमच्या कड्या हे सगळं कोपऱ्यात पोत्याखाली पडलेलं असू शकतं, आणि ते गाडीबरोबरच व्यवहारात लिहून घ्या.