लाइट गेली की दार उघडं, मंग कार्डाचा फायदा काय?

प्रश्न : नमस्कार भाऊ. वरुडला आमची तीन मजल्याची बिल्डिंग आहे, सहा फ्लॅट, सगळे भाड्यानं. बँकवाले, शिक्षक अन् एक संत्र्याचा व्यापारी. दिवाळीत खालच्या मेन दाराला कार्डवालं लॉक बसवलं. आता लाइट गेली की दार आपोआप उघडं पडते, अन् आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा काही नेम नाही. त्यात एक भाडेकरू फ्लॅट सोडून गेला, कार्ड दिलंच नाही. पोरगं म्हणते मोबाइलच्या दुकानात असं कार्ड कॉपी करून भेटते. खरं काय? सगळे कार्ड बदलवा लागतीन काय? – एक घरमालक

उत्तर : भाऊ, दार बिघडलं नाही, ते बनवलंच तसं आहे. चौकटीला वर जी लांब पट्टी दिसते ते विजेचं चुंबक, करंट आहे तोवर दार धरून ठेवते, करंट गेला का सोडते. आग लागली, लाइट गेली तं माणसं आत अडकू नये म्हणून. उद्या कोणी म्हणीन का लाइट गेल्यावरही बंद राहील असं लॉक लावून देतो, तं त्याले आधी इचारा, आतून बिनाकार्डाचं, नुसतं हातानं उघडते का? नसन उघडत तं नको म्हणा, सरळ.

तुमचा इलाज बॅटरी. लॉक 12 व्होल्टवर चालते, साधारण अर्धा अँपिअर ओढते, कार्ड वाचणाऱ्या मशीनचं थोडं वेगळं, म्हणजे 12 व्होल्ट 7 एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीवर लिहिलेलं असते) नवी बॅटरी आठ-दहा तास काढते. जुनी झाली का तेच दोन तासावर येते, म्हणून वर्षातून एकदा मेन बंद करून घड्याळ लावून पहा. जिन्यातल्या बल्बाले इन्व्हर्टर असन तं त्याच लाइनवर घ्या, विषय संपला.

आता कार्ड. पोरगं खरं बोलते. आपल्याकडे स्वस्तात बसवतात ते बहुतेक 125 किलोहर्ट्झ लहरींवर चालणारे, त्यात बॅटरी नसते, मशीनजवळ नेलं का मशीनच्याच लहरींवर चिप जागी होते अन् आपला नंबर सांगते, जो विचारीन त्याले सांगते, म्हणून कॉपी सोपी. 13.56 मेगाहर्ट्झवाले बरे, पण त्यातलंही मायफेअर क्लासिक नावाचं कार्ड 2008 मध्येच नेदरलँडच्या संशोधकांनी फोडलं होतं. त्यातलेच डेसफायर नावाचे कार्ड मजबूत, पण सहा फ्लॅटसाठी मी तरी तेवढा खर्च करणार नाही.

कारण कार्डापेक्षा मशीनमधली यादी महत्त्वाची, म्हणजे कोणत्या नंबरच्या कार्डाले दार उघडायचं ती. त्या भाडेकरूचा नंबर यादीतून काढला का त्याचं कार्ड मेलं, अन् त्यानं कॉपी काढली असन तं तेही, कारण कॉपीचा नंबर तोच. फक्त साध्या मशीनमध्ये, कार्ड हातात नसन तं ते कितव्या नंबरवर नोंदवलं होतं हे माहीत लागते. बसवणाऱ्यानं लिहून ठेवलं नसन (बहुधा नसतेच बाप्पा) तं सगळी यादी पुसून सहा घरचे कार्ड पुन्हा नोंदवा. कार्ड तेच, नवे घ्यायचं काम नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. या वेळी वही करा, कोणता नंबर कोणाचा. अन् मशीनचा मास्टर कोड, जो कंपनीच्या कागदावर छापून येते, तो बदलला का? नाही ना? मंग आधी तो बदला, नाही तं कागद वाचता येणारा कोणीही आपलं कार्ड नोंदवून घेईन.