विठोबाचे हात कमरेवर का असतात? त्याचा काही अर्थ आहे का?

आहे ना, आणि मला तरी तो सगळ्यात भारी वाटतो. शंकराचार्यांच्या नावावर जे पांडुरंगाष्टक आहे त्यातच हे सांगितलंय, की माझ्या भक्तांसाठी भवसागर एवढाच खोल आहे, कमरेपर्यंत, म्हणून देव हात कमरेवर ठेवून खोली दाखवतोय. म्हणजे बुडायचं टेन्शनच नाही, चालत पलीकडे जा!

आता वीट. ती गोष्ट सगळ्यांना माहितीये, पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, देव दारात आला तर त्याने वीट फेकली आणि म्हणाला थांब जरा यावर, आणि देव खरंच थांबला. देवापेक्षा हातातलं काम मोठं, आणि देवाला त्याचा राग पण नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आरतीतली अठ्ठावीस युगं म्हणजे ४ वेद, ६ शास्त्रं आणि १८ पुराणं असा हिशोब कीर्तनात ऐकायला मिळतो, पण तो मला थोडा ओढूनताणून वाटतो, असो.

अजून एक, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, पंढरपूरच्या मूर्तीचे हात रिकामे नाहीत, डाव्या हातात शंख आणि उजव्यात कमळाचा देठ आहे. शस्त्र मात्र एकही नाही. आणि डोक्यावर शिवलिंग आहे असं वारकरी मानतात, म्हणजे हरी-हर वेगळे नाहीतच, मग शैव-वैष्णव भांडण कशाला.