वाचकांचे प्रश्न : आयसोलेशनची खोली, किट आणि हायपो

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचं 30 खाटांचं रुग्णालय आहे. निपाहसारख्या घातक विषाणूजन्य आजाराचा रुग्ण आलाच तर हाताशी असावी म्हणून टोकाची एक खोली रिकामी केली. तिथे स्प्लिट एसी आणि एक्झॉस्ट फॅन बसवला, पीपीई किट आणून ठेवले. आणखी काय लागेल?

उत्तर : आधी केसपेपरच्या खिडकीकडे पाहा. 2018 मध्ये केरळमधल्या कोझिकोडला बहुतेकांना निपाहची लागण रुग्णालयातच झाली. त्यात मेडिकल कॉलेजमध्ये सीटी स्कॅनबाहेरच्या बोळात थांबलेले लोकही होते. पुण्याच्या एनआयव्हीतून, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतून, निदान पक्कं होईपर्यंत व्हायचा तो प्रसार बराचसा होऊन गेला होता. म्हणून ताप आहे आणि सोबत धाप किंवा असंबद्ध बोलणं आहे का, घरात आणखी कोणी तसंच आजारी आहे का, हे केसपेपर काढतानाच विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं, की बाकावर न बसवता मास्क लावून थेट खोलीत.

आता खोली. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याच्या भरवशावर राहू नका. हवेतून पसरणाऱ्या रोगाचा रुग्णही इथे ठेवायचा तर तासाला 12 वेळा हवा बदलली पाहिजे. 4 बाय 3 मीटरची, 3 मीटर उंचीची खोली म्हणजे 36 घनमीटर. फॅनने तासाला 432 घनमीटर, म्हणजे साधारण 255 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा ओढावी. जाळी आणि पाइपमुळे ओढ घटते, तेव्हा एक माप मोठाच घ्या. फॅनचं तोंड मोकळ्यावर हवं, जिन्याकडे किंवा दुसऱ्या वॉर्डच्या खिडकीकडे नको. दार लावून बाहेरून खालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर आत खेचला गेला पाहिजे. नाही गेला, तर खिडकी नीट लागलेली नसते किंवा फॉल्स सीलिंगमधून हवा येत असते.

खरी चूक होते ती किट काढताना. घामाघूम झालेला माणूस आधी तोंड मोकळं करायला जातो आणि बरबटलेला हातमोजा डोळ्याजवळ नेतो. काढायची जागा घालायच्या जागेहून वेगळी ठेवा. समोर एकाने तक्ता हातात धरून एकेक पायरी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने तेवढंच करावं. कव्हरऑल (अंगभर झाकणारा सूट) आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत उतरवायचा, प्रत्येक टप्प्याला हात निर्जंतुक करायचे. एन-95 मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर, मागच्या पट्ट्या धरून. नर्सइतकीच ही तालीम सफाईच्या मावशींचीही घ्या. त्यांनाच नेमकं वगळलं जातं.

प्रश्न : रक्त सांडलं की आम्ही लगेच हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक) फवारतो. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. फवाऱ्याने शिंतोडे उडतात, शिवाय रक्तातच क्लोरीन खर्ची पडतो. जाड हातमोजे घालून आधी जुन्या कापडाने टिपून घ्या, कापड संसर्गजन्य कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका. मग 1 टक्का हायपो ओतून 10 मिनिटं तसाच राहू द्या आणि पुसा. कॅनवर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 भाग हायपोला 4 भाग पाणी. 10 टक्के असेल तर 9 भाग. द्रावण रोज ताजं करा. संडास धुवायचं अ‍ॅसिड त्या बादलीत कधीही पडू देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.