इन्सुलिन घेणारा मुलगा पुण्याच्या होस्टेलवर राहील का?

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. सहावीत असताना टाइप 1 मधुमेह निघाला. तेव्हापासून घरात सगळ्यांचंच गोड बंद, जेवण रात्री आठच्या ठोक्याला. उशिरा सुटतो म्हणून क्लास सोडवला. लग्नकार्याला आम्ही दोघं एकत्र जात नाही, एक जण त्याच्यापाशी थांबतो. इन्सुलिन त्याची आईच देते. आता तो इंजिनिअरिंगला पुण्याला जातो म्हणतो. नागपुरातच राहून करता येईल असं सुरक्षित क्षेत्र सुचवा. (एक वडील, त्रिमूर्तीनगर, नागपूर)

उत्तर: नमस्कार भाऊ,

क्षेत्राचं आधी सांगतो. एनडीएचा रस्ता या आजारात बंद आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मधुमेह आडवा येत नाही. जेईई मेनच्या हॉलमध्येही मधुमेही परीक्षार्थीला साखरेच्या गोळ्या, केळं-सफरचंदासारखं फळ आणि पारदर्शक बाटलीतलं पाणी नेता येतं. चॉकलेट, सँडविच चालत नाही. तरी यंदाचं माहितीपत्रक वाचून घ्या.

बारावीतला मुलगा अजून आईच्या हातून इन्सुलिन घेतो, ही ओळ मी दोनदा वाचली. तो आज पुण्याला जाऊ शकत नाही तो यामुळे. सुई, ग्लुकोमीटर आणि नोंदवही या महिन्यापासून त्याच्याकडे द्या. सुरुवातीला आईनं शेजारी बसावं, पण हात लावू नये.

घरातले नियमही डॉक्टरांसमोर एकदा मांडा. त्यांनी सांगितलेले किती आणि धास्तीपोटी आपण वाढवलेले किती, हे कळू द्या. आता बरीच मुलं ताटातल्या कर्बोदकांचा हिशोब करून डोस ठरवतात. याला ते जमेल का, विचारा. पुण्यात मेस नऊला उघडेल, मित्र रात्री मिसळ खायला ओढतील. एका प्लेट तर्री पोह्यानं आपली साखर किती चढते, हे त्याला इथे घरीच कळलेलं बरं. आणि धाकटी कुणी असेल तर तिच्या वाढदिवसाला केक आणा हो, तिला कुठे मधुमेह आहे!

प्रवासाचं म्हणाल तर आधी दोन दिवस मामाकडे एकटा पाठवा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवतात, पण गोठू द्यायचं नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो, म्हणून वापरातलं पेनही गाडीत किंवा उन्हात विसरून चालत नाही. फ्रिज नसेल तिथे मातीच्या मडक्याचा गारवा कामी येतो. नागपुरातल्या अजनी स्टेशनहून पुण्याच्या वंदे भारतला सुमारे 12 तास लागतात. इन्सुलिन, सुया आणि साखर जवळच्या पिशवीत हवी. विमानात तर ते चेक-इन सामानात टाकूच नये, गोठलं तर वाया जातं. होस्टेलवरच्या रूममेटला साखर उतरल्याच्या खुणा ठाऊक हव्यात: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. शुद्धीत असेल तर लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

राहिलं कॉलेज. आपल्या नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात. हवी ती शाखा तिथे मिळाली तर बिनधास्त घ्या, कॉलेज चांगलं आहे म्हणून घ्या. फक्त घराजवळ आहे म्हणून नको ती शाखा त्याच्या गळ्यात मारू नका. आणि व्हीएनआयटी मिळालं तरी होस्टेलवर जागा मिळते का बघा, असं मी म्हणेन. त्याच्या आईला हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांशी त्याला एकट्याला बोलू द्या. तुम्ही बाहेर बसा.