शिमल्याचा लॉज आणि एसटी स्टँडासमोरचा लॉज

परतवाड्याकडच्या एका शाळेतल्या गुरुजींचा प्रश्न आहे : शिमल्यातल्या इंग्रज व्हाइसरॉयच्या जुन्या वाड्याचं, म्हणजे 'व्हाइसरीगल लॉज'चं, नाव घेतलं की वर्गातली पोरं खिदळतात. "सर, एवढ्या मोठ्या वाड्याले लॉज कावून म्हणतेत?" मग मराठीत काय लिहावं?

पोरांचं हसणं रास्त आहे. आपला लॉज म्हणजे स्टँडासमोरचा, खाली भोजनालय आणि वर खोल्या. तो आला 'बोर्डिंग-लॉजिंग'च्या पाटीवरून. पैसे मोजून जेवण ते बोर्डिंग, पैसे मोजून मुक्काम ते लॉजिंग. पुढं बोर्डिंग शिकणाऱ्या पोरांकडे गेलं (आपल्याकडची जुनी माणसं आजही "मी बोर्डिंगात शिकलो" म्हणतात), आणि लॉजिंगचं शेपूट झडून लॉज तेवढा उरला.

शिमल्याचा लॉज वेगळ्या वाटेनं आला. इंग्रजीनं हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला तेव्हा त्याचा अर्थ झोपडी, मांडव, पानाफांद्यांचा आडोसा असा होता. मग शिकारीला गेल्यावर टेकायचं घर, रानाच्या राखणदाराचं घर. डब्लिनच्या फिनिक्स पार्कात अठराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या रेंजरनं (मेळघाटातल्या पोरांना हा शब्द समजावावा लागणार नाही) असंच एक घर बांधलं. १७८० च्या दशकात सरकारनं ते आयर्लंडच्या व्हाइसरॉयसाठी विकत घेतलं आणि ते 'व्हाइसरीगल लॉज' झालं. आज तिथं आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहतात. म्हणजे शिमल्याचा वाडा उभा राहण्याआधी शंभरेक वर्षं हे नाव चालू होतं. तो बांधून घेणाऱ्या व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनचं घराणं आयर्लंडचं, वास्तुविशारद हेन्री आयर्विनही तिकडचाच.

हा डफरिन आपल्याला परका नाही. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला सगळा जिल्हा 'डफरीन' म्हणतो ना, ते नाव त्याच्या बायकोचं. बायकांच्या दवाखान्यांसाठी लेडी डफरिननं १८८५ साली निधी उभारला होता. "सुनेले डफरीनमंदी नेलं" म्हणणाऱ्या कितीजणींना शिमल्याशी असलेलं हे सोयरपण ठाऊक असेल!

शिमला १८६४ पासून उन्हाळ्याची राजधानी. व्हाइसरॉय आधी 'पीटरहॉफ' नावाच्या घरात राहत. जुलै १८८८ मध्ये डफरिन ऑब्झर्व्हेटरी हिलवरच्या नव्या, विजेचे दिवे असलेल्या दगडी वाड्यात गेला. १९४५ ची शिमला परिषद तिथलीच. स्वातंत्र्यानंतर तो 'राष्ट्रपती निवास' झाला, आणि १९६५ पासून तिथं उच्च अध्ययनाची राष्ट्रीय संस्था आहे. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी तिचं उद्घाटन केलं.

खरा घोळ इथून पुढं आहे. आज राष्ट्रपती शिमल्याला जातात तेव्हा या वाड्यात उतरत नाहीत. ते शहराबाहेर, आणखी उंचावर, मशोब्र्याला राहतात. ते घर १८५० चं, १८९५ मध्ये व्हाइसरॉयकडे आलं. त्याला 'रिट्रीट' म्हणत, आता त्याचंही नाव 'राष्ट्रपती निवास'च. २०२३ पासून ते लोकांना बघायलाही खुलं आहे. आतून बाहेरून लाट साहेबाचं असलं तरी भिंती पाहाडी पद्धतीच्या 'धज्जी'च्या : लाकडाची चौकट, तिच्या खणांत दगड, वरून मातीचा लेप. धज्जी म्हणजे चिंधी, ठिगळासारखे जोडलेले तुकडे. आपल्याकडं तुराट्या उभ्या करून शेणामातीनं लिंपलेला कुड असतो, त्याच जातीची ही भिंत, फक्त जास्त भक्कम. भूकंपात अशी भिंत दगडी भिंतीपेक्षा जास्त लवते, म्हणून हिमालयात ती टिकून आहे.

तर गुरुजी, फळ्यावर नुसतं 'राष्ट्रपती निवास, शिमला' लिहू नका, दोन घरांची गल्लत होते. जुन्या वाड्याला 'व्हाइसरीगल लॉज' हेच नाव ठेवा, विशेषनामाचं भाषांतर करायची गरज नाही. दुसऱ्याला 'राष्ट्रपती निवास, मशोब्रा' म्हणा. आणि पोरांच्या वहीत 'व्हॉइसरीगल' दिसलं तर तेवढं लाल करा. व्हॉइस म्हणजे आवाज. इथला 'व्हाइस' व्हाइस प्रिन्सिपलमधला, दुसऱ्याच्या वतीनं काम पाहणारा. 'रीगल' म्हणजे राजाचं. राजाच्या वतीनं बसलेल्याचं, म्हणून व्हाइसरीगल.